मी नेपाळची कोच झाले ते वर्ष

मामांच्या घरातला कॉम्प्युटर हळदीच्या हंगामात पिवळा व्हायचा. घर सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत होतं, आणि आमच्या भिंतीला लागून हळद पॉलिश करायचा कारखाना होता. मोठाल्या लोखंडी पिंपांत वाळकी हळकुंडं घालून ती पिंपं दिवसभर फिरवायचे. सकाळी आठला गडगडाट सुरू व्हायचा तो रात्री जेवणं होईपर्यंत. मामी म्हणायची, "ह्या आवाजापायी मला देवाचं नाव बी वरडून घ्यावं लागतंय." तिनं कॉम्प्युटरला क्रोशाचं झाकण विणलं होतं, तरी कळफलकाच्या फटींत पिवळी भुकटी बसायचीच. मी टाइप करून उठले की माझ्या बोटांची टोकं हळदीची व्हायची आणि कॉलेजातल्या मुली विचारायच्या, लग्न ठरलं का गं?

मी आटपाडीची. आबांची दीडशे मेंढरं होती. बारावीनंतर मला शिकायला सांगलीला मामांकडं ठेवलं, कारण आमच्या घरात शिकलेली दोनच माणसं, एक मी आणि एक मामा. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन बसायचे. सहा फूट उंच. पलटणीच्या बास्केटबॉल संघात ते आठ वर्षं खेळले होते आणि त्या खेळाइतकं प्रेम त्यांनी दुसऱ्या कशावर केलेलं मी पाहिलं नाही. जेवताना ताटातल्या खर्ड्याचे पाच ठिपके मांडून ते मला बचाव कसा लावायचा ते दाखवायचे. मामी कावायची, "आवं, ते खायाचं हाय, खेळायचं न्हाई." मग मामा एकेक खेळाडू भाकरीनं उचलून खाऊन टाकायचे.

कॉम्प्युटर त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतला, "जमाना उसका है" म्हणून, आणि घेतल्यावर त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना. तो खेळ मला सापडला. इंटरनेटवर बास्केटबॉलचा क्लब चालवायचा खेळ. आपण चेंडू टाकायचा नाही. खेळाडू निवडायचे, कुणाला काय शिकवायचं ते ठरवायचं, डाव आखायचा, आणि मग सामना आपला आपण लिहून येत राहायचा: अमुकनं पास दिला, तमुकनं टाकला, चुकला. मी क्लबचं नाव ठेवलं 'बाणाई', खंडोबाच्या बाणाईवरून, आणि तिथं सगळे मला त्याच नावानं ओळखत. मामांनी पहिला सामना उभ्यानं पाहिला. पडद्यावर नुसत्या इंग्रजी ओळी सरकत होत्या आणि मामा ओरडत होते, "डिफेन्स! अरे डिफेन्स करो!" शेजारच्या कारखान्यातला एक गडी भिंतीवरून डोकावून गेला.

त्या खेळात प्रत्येक देशाचा एकवीस वर्षांखालचा एक संघ असे आणि त्याचा कोच खेळणारे लोक मतं देऊन निवडत. पण पोरं, म्हणजे खेळानंच तयार केलेली खोटी पोरं, कोचच्या ताब्यात नसत. ती जगभरच्या लोकांच्या क्लबांत विखुरलेली असत. म्हणजे भारताचा एखादा सात फुटी पोरगा पोलंडमधल्या कुणाच्या तरी क्लबात असायचा. कोचनं त्या मालकाला पत्र लिहायचं की बाबा रे, याला यंदा उडी शिकव, पुढच्या हंगामात पास शिकव. मालकाला वाटलं तर तो ऐकणार. हंगाम साडेतीन महिन्यांचा, आणि एका हंगामात पोरगं एका वर्षानं मोठं होई. अठराव्या वर्षी हाती आलेलं पोर एकविसाव्यापर्यंत घडवायचं, म्हणजे आपल्या आयुष्यातलं एखादं वर्ष. कॉलेजात गणित सोडवण्याऐवजी मी हाच हिशेब मांडत बसे. किती उंचीच्या पोरानं काय आधी शिकावं, काय नंतर, याची मी एक वही भरली. दोनशे पानी.

भारताकडून खेळणारे तेव्हा पन्नास-साठ लोक असतील. त्यांनी ज्यांना कोच निवडलं ते सातारचे होते. कॉम्प्युटरचे क्लास चालवायचे. मी त्यांना प्रमोद सर म्हणेन. सातारा म्हणजे आपल्याच अंगणातला माणूस, या आनंदात मी माझ्या वहीतला पहिला अर्धा भाग इंग्रजीत टाइप करून त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: फारच सुंदर, तुला असिस्टंट करतो, बाकीचंही पाठव. मी चार दिवस जमिनीवर नव्हते. पाचव्या दिवशी ती योजना सगळ्यांसाठीच्या पानावर झळकली. 'भारताच्या युवा संघासाठी माझी योजना'. खाली नाव त्यांचं. माझ्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा तशाच होत्या. मी तिथंच लिहिलं की ही माझी आहे. त्यांनी लिहिलं, 'बाणाई कोण? मी ओळखत नाही.'

मामा म्हणाले, "समोर बसलं की मानूस खोटं बोलत न्हाई. चल सातारला."

आम्ही एसटीनं गेलो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सरांसाठी भडंगाचा पुडा घेतला होता. क्लास पहिल्या मजल्यावर होता. आत वीसेक मुलं-मुली बसलेली. सर माझ्या कल्पनेपेक्षा तरुण होते, तिशीचे असतील. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

"बाणाई म्हणजे तू? मला वाटलं, कोणी इंजिनिअर असेल."

मामांनी फौजेतला हवालदार म्हणून स्वतःची ओळख दिली आणि म्हणाले, "सर, पोरीनं लय मेहनत केलीय. तुमी फकस्त खाली तिचं नाव लिवा. दुसरं काय न्हाई मागनं."

"हवालदारसाहेब, गाव कुठलं तुमचं?"

"आटपाडी तालुका."

"घरी काय, मेंढरं?"

"व्हय. हिच्या वडलांची हायेत. दीडशे."

"मग हिला तेच जमेल की. मेंढरं मोजायला कॉम्प्युटर लागत नाही."

वर्ग हसला. पहिल्या बाकावरची दोन पोरं तर माना टाकून हसली. मी मामांकडं पाहिलं. ते ताठ उभे होते, हात शिवणीला, साहेबापुढं उभे राहतात तसे. मला वाटलं आता हे काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "थँक्यू सर." आणि वळले. भडंगाचा पुडा टेबलावर ठेवून.

ते थँक्यू सर मी आजही विसरलेले नाही. शिवी दिली असती, कानफटात मारली असती तर मी सगळं विसरून गेले असते. वीस वर्षं ज्यानं देशाची नोकरी केली तो माणूस एका थिल्लर मास्तरापुढं सवयीनं थँक्यू म्हणाला, आणि ते माझ्यामुळं. सातारच्या स्टँडवर मामांनी चहा घेतला, मामीसाठी कंदी पेढे घेतले, आणि कराड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मी पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्याला धरून बसले होते. उतरताना पाहिलं तर तळव्यावर गंजाचा पट्टा उमटला होता. या माणसाला मी हरवणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांच्याच खेळात, सगळ्यांच्या देखत.

भारताच्या कोचला हरवायचं तर दुसऱ्या देशाचा कोच व्हायला पाहिजे. त्या खेळात कुणीही कुठल्याही देशाच्या निवडणुकीला उभं राहू शकत असे. मी शोधत बसले. नेपाळच्या युवा संघाला दोन हंगाम कोचच नव्हता. नेपाळचे खेळणारे सगळे मिळून पाच. मी अर्ज भरला, चार मतं पडली, चारही मला. त्यातलं एक पोखऱ्याच्या बिमला नावाच्या शाळामास्तरणीचं होतं. तिनं लिहिलं, 'दीदी, आमच्याकडं कुणी बघत नाही. तुम्ही आलात, बरं झालं. आमचा संघ आजवर पहिल्या फेरीच्या पुढं गेलेला नाही.' मी तिला लिहिलं की यंदा जाईल. का आले ते लिहिलं नाही.

मामांना सांगितलं तेव्हा ते खुश झाले. "गोरखा लोग! अरे, उससे बढिया आदमी नहीं मिलेगा." त्यांच्याबरोबर नाईक थापा म्हणून कुणी होता, त्याच्या गोष्टी त्यांनी दोन दिवस सांगितल्या. मामीनं विचारलं, "पर आपल्याच देसाच्या इरुद?" मामा म्हणाले, "खेळ हाय. मी सवता माझ्या जुन्या पलटणीला हरिवलंय." त्यांना वाटलं मी खेळायला निघालेय.

तीन हंगाम, म्हणजे सगळं मिळून जवळजवळ एक वर्ष. सकाळी कॉलेज, दुपारी हुलग्याचं माडगं नाहीतर आमटी-भाकरी, आणि मग पिंपांच्या गडगडाटात मी जगभर पत्रं लिहायची. नेपाळचं अठरा वर्षांचं पोर कुठं कुणाच्या क्लबात उगवलंय ते हुडकायचं. मिळायची ती बहुतेक मरतुकडी. कुठलं घ्यावं कळेना. एकदा आबांचा फोन आला. ते मेंढरं घेऊन पाटणच्या बाजूला रानात बसवायला गेले होते. मी सहज विचारलं, "आबा, कोकरू निवडताना काय बघतासा?"

"वजन बघू न्हाई," आबा म्हणाले. "वजन फसिवतंय. पायाची नळी बघायची. नळी जाड आसली की अंग कवाबी धरतंय. का गं, मेंढरं घेतीस काय?"

मी त्या दिवशी तयार दिसणारी सगळी पोरं यादीतून काढली आणि उंच, लांब, काहीच न येणारी ठेवली. त्यात एक होता लोकबहादूर थापा. नाव खेळानंच दिलेलं. उंची सात फूट एक इंच आणि अंगात कला म्हणून नाही. तो फिनलंडमधल्या एका निवृत्त पोस्टमनच्या क्लबात होता. मी त्याला लिहिलं, याला तीन हंगाम माझ्या सांगण्याप्रमाणं घडवा. त्यानं विचारलं, 'मी माझं वर्ष नेपाळसाठी का घालवू?' मी दोन तास विचार केला आणि खरं ते लिहिलं. 'मला एका माणसाला हरवायचं आहे. त्यानं माझ्या मामांचा अपमान केला.' दुसऱ्या दिवशी उत्तर: 'हे कारण चांगलं आहे. पहिल्यांदा काय शिकवू?'

लोकबहादूर वाढत गेला. दर शुक्रवारी तालमीचा निकाल लागे. मामा बँकेतून आले की टोपीही न काढता विचारायचे, "थापा कितना बढा?" मी सांगायची. मामी चहा ठेवायची. त्या वर्षी मी फिजिक्सच्या एका पेपरात नापास झाले. मामीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आदी पास हो, मंग कुणाचं काय करायचं ते कर." तिला सगळं ठाऊक होतं. घरात जे मामांना कळत नसे ते तिला कळे.

इकडं प्रमोद सर माझीच योजना राबवत होते. पहिली अर्धी. त्यात उंच पोरांना रिंगखाली कसं भक्कम करायचं ते होतं. बाहेरून लांबून टाकणाऱ्याला कसं रोखायचं, ते दुसऱ्या अर्ध्यात होतं, आणि ती वही मामीच्या ट्रंकेत होती. भारताची पोरं आतून भिंत आणि बाहेरून उघडं अंगण. हे जगात फक्त मला माहीत होतं. मी नेपाळच्या बाकी चार पोरांना वर्षभर एकच शिकवलं, लांबून टाकायचं. लोकबहादूर आत उभा राहून भारताची उंच पोरं स्वतःकडं ओढणार आणि बाहेरचे चौघं मोकळे.

आशियाच्या स्पर्धेत आम्ही भारताच्याच गटात आलो. सोडतीचं पान पाहून मी देवापुढं साखर ठेवली. गटात चार संघ, पहिले दोन पुढं जाणार. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसरा भारताशी, तिसरा थायलंडशी. त्या खेळात सामन्याआधी ठरवायचं असे की आज किती जीव ओतायचा. एका सामन्यात सगळा ओतला की पुढच्या सामन्यात पोरं मेलेली. बिमलानं मला आठवडाभर आधी लिहिलं: 'दीदी, भारत बलवान आहे, त्यांच्याशी हरलो तरी चालेल. दम थायलंडसाठी राखा. थायलंडला हरवलं की आपण पुढं जातो. पहिल्यांदाच.' तिचं अगदी बरोबर होतं. मी उत्तर दिलं नाही. भारताच्या सामन्यासमोरच्या चौकटीत मी 'सगळा जीव' यावर खूण केली. दुसऱ्यांदा विचार केला नाही, हेही सांगून टाकते.

सामना शनिवारी संध्याकाळी होता. मामांनी आंघोळ करून तोच इस्त्रीचा शर्ट घातला. मामी दाराशी पाटावर लसूण सोलत बसली. पहिल्या भागात भारत पुढं होता. दुसऱ्यात लोकबहादूरभोवती तीन तीन पोरं जमायला लागली आणि बाहेरून आमचे टाकायला लागले. एक गेला. दुसरा गेला. मामा माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते, खुर्ची हलत होती. शेवटची चार मिनिटं उरली, आम्ही तीन गुणांनी पुढं, आणि वीज गेली.

पिंपं थांबली. जागेपणी इतकी शांतता मी त्या घरात ऐकली नव्हती. रस्त्यावरून कुणी सायकल नेली तिचा आवाज आला. मामीनं कंदील लावला. सामना तिकडं कुठंतरी चाललेला, आणि आम्ही तिघं लसणाच्या वासात काळ्या काचेकडं बघत बसलेलो. तासाभरानं भिंतीपलीकडं एक पिंप खरखरलं, मग दुसरं. मामी म्हणाली, "आली लाईट." कॉम्प्युटर सुरू व्हायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला असं मला वाटलं. मग पान उघडलं. नेपाळ चौऱ्याहत्तर, भारत सदुसष्ट.

मी ओरडले नाही. मी सरळ प्रमोद सरांना निरोप लिहिला, मराठीत, देवनागरी उमटत नव्हती म्हणून इंग्रजी अक्षरांत: 'सर, मेंढरं मोजायला कॉम्प्युटर लागला. सात जास्त भरली. बाणाई, आटपाडी.' आणि तोच निरोप सगळ्यांसाठीच्या पानावरही टाकला, खाली वहीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडून. त्या संध्याकाळी मी चार भाकरी खाल्ल्या. मामी वाढत गेली आणि मी खात गेले. इतकी भूक मला कधी लागली नव्हती.

तीन दिवसांनी थायलंडनं आम्हाला एकतीस गुणांनी हरवलं. लोकबहादूरला तर पळवेनाच. भारत, थायलंड आणि आम्ही, तिघांचेही दोन दोन विजय झाले आणि गुणांच्या फरकात नेपाळ बाहेर पडला. भारत गटातले बाकीचे दोन्ही सामने जिंकून पुढं गेला. सरांनी पानावर लिहिलं, 'युवा संघ घडवताना असे अपघात होतात.' माझ्या निरोपाचं नाव नाही. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडलं, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.

थायलंडच्या सामन्याच्या निकालाच्या दिवशी मामा बँकेतून आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि विचारलं, "नेपाळ गेला का पुढं?"

"नाही."

"का?"

मी सांगितलं. काय ठरवलं होतं, बिमलानं काय लिहिलं होतं, सगळं. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, त्याला तर हरवलं. मामा पलंगावर बसले.

"तू त्यांची कोच व्हतीस," ते म्हणाले.

"मामा, मी तुमच्यासाठी केलं. तो तुम्हाला काय बोलला ते मी..."

"मला बोलला न्हवं? ते मी सातारच्या स्टँडवरच थुकून आलो व्हतो. घरी तू आणलंस. चार मान्सांनी मतं दिली तुला."

पंधरा दिवस ते कॉम्प्युटरजवळ आले नाहीत. शुक्रवारी आल्यावर थापाचं विचारलं नाही. जेवताना खर्डा मुकाट भाकरीला लावून खायचे. मामी मधे पडली नाही. मी चिडले होते, मामांवरसुद्धा. ज्याच्यासाठी वर्ष घातलं त्यानंच तोंड फिरवावं, हे मला सोसत नव्हतं. आता मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते, मामा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मला कळतं की ते बरोबर होते. पण बरोबर होते म्हणून माझा राग खोटा नव्हता. त्या सात गुणांचा आनंद मला आजही होतो, आणि तो होऊ नये असं मला वाटतही नाही.

बिमलानं काही लिहिलं नव्हतं. एक शब्द नाही. ते मात्र मला टोचत राहिलं. शेवटी मी मामीच्या ट्रंकेतून वही काढली आणि अख्खी, दोन्ही भाग, चार दिवस बसून टाइप केली. तिला पाठवली. लिहिलं की चूक माझी, मी कोचपद सोडते, तुम्ही घ्या. ही वही तुमची.

आठवड्यानं उत्तर आलं. माफ केलं असं नव्हतं, नाही केलं असंही नव्हतं. ती शाळामास्तरीण होती, तिनं वही तपासली होती. 'दीदी, पहिल्या भागात एक चूक आहे. पोराला शिकवायचं तर आठवड्यात नव्वद मिनिटं मैदानावर ठेवा, असं तुम्ही लिहिलंय. मी माझ्या क्लबातल्या पोरांवर दोन हंगाम पाहिलं. पन्नास मिनिटांनंतर शिकणं थांबतं. पुढं नुसता दम जातो. म्हणून आपली पोरं स्पर्धेच्या शेवटी गळतात.' खाली तिनं आकड्यांचा तक्ता दिला होता.

मी तो तीनदा पाहिला. तिचं खरं होतं. मी मामांना हाक मारली. ते आले, चष्मा लावला, पडद्यावरचा तक्ता बोटानं ओळीओळीनं वाचला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले. "मास्तरनीनं पकडलं तुला," म्हणाले आणि स्टूल ओढून शेजारी बसले. मी वही उघडली, नव्वद खोडून तिथं पन्नास लिहिलं.

पहिला भाग. जो प्रमोद सरांकडं होता. ते आणखी तीन हंगाम भारताचे कोच राहिले, आणि तीनही हंगाम भारताची पोरं नव्वद नव्वद मिनिटं पळत होती आणि स्पर्धेच्या शेवटी गळत होती. लोक पानावर विचारायचे, असं का होतंय? सर लिहायचे, आपल्या पोरांत दमच नाही. मी ते दर आठवड्याला वाचायची. एका ओळीत सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.